माझ्या कोपरांची जाहिरात

प्रिय बारक्या,

तू रविवारी आणलेली द्राक्षं मी कचऱ्यात टाकली. एक मणीसुद्धा तोंडात घातला नाही. अन्न टाकणाऱ्यातली मी नव्हे, हे तुला चांगलं माहीत आहे. पण ती टोपली टेबलावर होती आणि येताजाता तिच्याकडे नजर गेली की मी तोंड फिरवायची. शेवटी उचलली आणि खाली डब्यात रिकामी केली. हात साबणाने दोनदा धुतले. मग नळ बंद करताना माझं मलाच हसू आलं. आजवर लोक मला हात लावल्यावर असे हात धुवायचे. आता मी तुझी द्राक्षं धरून धुतले.

किळस हा विषय माझ्याइतका कुणाला पाठ नसेल. एखाद्याला किळस आली की आधी त्याची नाकपुडी हलते, मग तो हसतो, आणि मग फार गोड बोलायला लागतो. कापडाच्या दुकानात मी ते रोज पाहिलं आहे. तागा उलगडायचा, मीटरपट्टी लावायची, कात्री चालवायची, हे माझं काम. आणि कापड पसरायचं म्हणजे माझी सोरायसिसने भेगाळलेली कोपरं गिऱ्हाइकाच्या नाकासमोर येणारच. पांढऱ्या, पिवळ्या कापडाचं काही वाटायचं नाही. पण कुणी सुटासाठी काळं कापड मागितलं की मी आधी बाह्या खाली ओढून घ्यायची. पूर्ण बाह्या घातल्या तरी मनगटाच्या फटीतून पापुद्रे गळायचेच. काळ्याभोर लोकरीवर पांढरा चुरा! एकदा एका बाईने तो बोटाच्या टोकाने उडवला आणि दुकानाच्या मालकांना म्हणाली, "दुसरा तागा दाखवा, याला काहीतरी लागलंय." मालक सज्जन माणूस. त्यांनी मला काढलं नाही, मागच्या खोलीत अस्तरांच्या कापडावर बसवलं. "तिथे तुम्हाला निवांत वाटेल," म्हणाले. फार गोड बोलले.

घरीही तेच होतं, पण घरात एक तू होतास. आई जाऊन वर्ष झालं नव्हतं, बाबा कामावरून थकून यायचे, आणि माझ्या पाठीवर असे चट्टे होते की अंथरुणाला अंग टेकवणं नको व्हायचं. डॉक्टरांनी डांबराचं मलम दिलेलं. पाठीच्या मध्यावर माझा हात पोचायचा नाही. बाबांना सांगायची लाज वाटायची आणि मावशी तर मलमाच्या वासानेच दाराबाहेर उभी राहायची. तू तेव्हा शाळेत, कपाळावर केस, गुडघे सोललेले. तू म्हणालास, "दे इकडे." बोटभर मलम घेऊन तू एकेका चट्ट्यावर लावायचास आणि लावता लावता त्यांना नावं द्यायचास. हा मोठा म्हणजे बेट, हे बारके म्हणजे होड्या. मलमाचे डाग तुझ्या वहीवर पडायचे, वर्गातली मुलं तुला डांबरट म्हणायची, आणि तू घरी येऊन मला ते हसत सांगायचास. पुढे तू औषधशास्त्र शिकायचं म्हणालास तेव्हा सगळ्यांनी विचारलं, हेच का. तू अर्ज भरून मोकळा झालास. मी मात्र समजले होते, किंवा समजले असं मला वाटलं होतं. तुझ्या औषधांच्या दुकानाचं उद्घाटन झालं त्या दिवशी मी गर्दीत मागे उभी राहून रडले होते.

नंतर तुझं लग्न झालं, घर झालं, आणि तुझ्याकडे मला वेगळ्या कपात चहा मिळू लागला. निळ्या काठाचा कप. मी उठले की तुझी बायको सोफ्यावरची चादर झटकायला न्यायची. हा आजार लागट नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तू औषधं विकतोस, बायकोला एका वाक्यात सांगू शकला असतास. सांगितलं नाहीस. मी तेही गिळलं. संसारात पडलं की माणसाला घरच्यांचं वळण लागायचंच, असं मी स्वतःला समजावत राहिले. त्याचा राग आजही फारसा नाही. आज जे आहे ते राग नव्हे.

मागच्या वर्षी दुकानात मला घेरी आली आणि तपासणीत रक्तातलं कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं निघालं, ते तुला आठवत असेल. हृदयाच्या डॉक्टरांनी ते उतरवणारी गोळी सुरू केली. फिकट गुलाबी, लांबट, मध्ये एक रेघ. जेवणानंतर एक. मी कसलीही आशा न धरता घेत होते. आणि काही महिन्यांत आंघोळ करताना हात कोपरावरून गेला तर तो अडला नाही. मला वाटलं साबण जास्त झालाय. दिव्याखाली जाऊन पाहिलं. कोपराचं कातडं जरासं गुलाबी होतं, पण कातडंच होतं, माणसाचं. मी किती वेळ तशीच ओली उभी होते कुणास ठाऊक.

त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्याही खूश झाल्या, पण त्यांनी मला खुर्चीत बसवून नीट सांगितलं. त्या म्हणाल्या, या गोळ्या चरबी उतरवतात तशी शरीरातली सूज थोडी शांत करत असाव्यात, आणि सोरायसिस हा मुळात सुजेचाच आजार, म्हणून त्यावर अभ्यास चालू आहेत. काही छोट्या अभ्यासांत रुग्णांना फायदा दिसला, काहींत काहीच दिसलं नाही. "तुमचं गोळीने गेलं की आपसूक गेलं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हा आजार न सांगता जातो आणि न सांगता परत येतो. हृदयासाठी गोळी हवीच आहे, ती घ्या. पण कातडीसाठी म्हणून ती कुणाला सुचवू नका." मी हे सगळं शब्दन् शब्द तुला येऊन सांगितलं. कुणाला सांगणार दुसऱ्या? मी बाह्या वर केल्या आणि तू माझी कोपरं दोन्ही हातांत धरलीस. बारक्या, इतक्या वर्षांनी तू मला हात लावला होतास. तू म्हणालास, "थांब ताई, फोटो काढतो. मागचा एक आहेच माझ्याकडे, डॉक्टरला पाठवायला काढलेला." माझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, भावाला आनंद झालाय. आनंद तर झालाच होता तुला.

महिन्याभराने आमच्या दुकानातल्या पोरींनी मला फोनवर एक चित्र दाखवलं. डावीकडे भाजल्या मातीसारखं भेगाळलेलं कोपर, उजवीकडे गुळगुळीत. खाली लिहिलं होतं, "त्वचामुक्ती. परदेशी संशोधनाने सिद्ध." पोरी डाव्या बाजूचं चित्र बघून "ईऽऽ" करत होत्या. त्यांना माहीत नव्हतं ते कुणाचं आहे. मला मात्र लगेच कळलं, कोपराखाली इस्त्रीचा तो तिरका डाग होता ना. त्याच संध्याकाळी मी तुझ्या दुकानासमोर उभी राहिले. तेच चित्र, पण माणसाएवढं, काचेत आतून दिवा लावलेलं. एक बाई नाकाला रुमाल लावून ते वाचत होती. माझं कोपर बघून लोकांना किळस यायची, ती किळस तू दिवा लावून काचेत मांडलीस आणि तिच्यावर गिऱ्हाईक बोलावलंस. मी आत येऊन तुला ते काढायला सांगितलं. तू म्हणालास, "चेहरा कुठे आहे त्यात? तुला कोण ओळखणार?" मी विचारलं, या 'त्वचामुक्ती'च्या बाटलीत काय आहे. तू म्हणालास, "वनस्पती आहेत काही, तुला नाही कळायचं." बाटलीवर हिरवं पान होतं. मी त्या पानावर विश्वास ठेवला नाही, पण माझ्या भावाने औषधाविषयी खोटं सांगितलं असेल असंही मला वाटलं नाही. चित्र तू दुसऱ्या दिवशी काढलंस, आणि मी समाधानाने घरी गेले. ते तू आतल्या भिंतीवर लावलं होतंस.

आता केकवालीबद्दल. तिला तू ओळखतोस, पण तुझ्या लेखी ती एक गिऱ्हाईक. मी तिला त्वचेच्या दवाखान्यातल्या बाकावर भेटले. तळहातांवर सोरायसिस, आणि धंदा केकवर क्रीमची फुलं काढायचा! दोन-दोन हातमोजे घालून काम करायची आणि आत तळवे फुटून रक्त यायचं. तोंडाने भारी फटकळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "तुमचं कोपरात आहे? मग तुम्ही श्रीमंत. लपवायला बाही तरी आहे." आम्ही त्या बाकावर बसून इतक्या हसायचो की परिचारिका डोळे वटारायच्या. तिचा आजार हाताबाहेर गेला तेव्हा डॉक्टरांनी तिला शरीराची प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुरू केल्या, जोडीला सारख्या रक्ताच्या तपासण्या. तिला कंटाळा आला होता त्याचा. अशात तिने कुठेतरी तुझी जाहिरात पाहिली. मला बोलली नाही, कारण मी ओरडले असते. तुझ्याकडे गेली, हातमोजे काढून तुला तळवे दाखवले. तू तिला दिवसाला दोन गोळ्या सांगितल्यास, लवकर गुण यावा म्हणून. ती आणखी काय घेते हे तू विचारलं नाहीस, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आधी तिच्या मांड्या दुखायला लागल्या. उभं राहून काम, म्हणून असेल, असं ती म्हणायची. मग दंड दुखायला लागले, क्रीमची पिशवी दाबवेना. मग लघवी काळ्या चहासारखी झाली, तेव्हा तिच्या नवऱ्याने तिला उचलून रुग्णालयात नेलं. मी पोचले तर ती खाटेवर पालथी पडल्यासारखी पडली होती, कूस बदलायलाही दोन माणसं लागत होती. डॉक्टर म्हणाले, स्नायू वितळून रक्तात उतरताहेत आणि मूत्रपिंडं बंद पडताहेत. ते पुन्हा पुन्हा विचारत होते, आणखी काही घेता का, काहीही, साधं चूर्ण, काढा? ती म्हणाली, "नाही हो. एक झाडपाल्याचं आहे, ते निरुपद्रवी आहे." नवरा घरी जाऊन बाटली घेऊन आला. हिरवं पान. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि गोळ्या तळहातावर ओतल्या. फिकट गुलाबी, लांबट, मध्ये एक रेघ. त्या क्षणी माझ्या तोंडाला जी चव आली, बारक्या, ती अजून गेलेली नाही. मी डॉक्टरांना गोळीचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "तिच्या त्या दुसऱ्या गोळ्यांबरोबर ही? या दोन्ही एकत्र चालतच नाहीत. हे कुणी दिलं?"

तुझं नाव मी तिथे घेतलं नाही. आधी तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. मला वाटलं होतं तू म्हणशील, चुकलं, बघितलं नाही, घाईत होतो. तसं झालं असतं तर मी तुझ्या पाठीशी उभी राहिले असते, देवाशपथ. तू रविवारी आलास, द्राक्षं ठेवलीस, माझ्या साध्या कपातून चहा प्यालास. आणि म्हणालास, "ताई, मी तिला विचारलं होतं. तिने सांगितलं होतं त्या गोळ्यांचं. पण असं फार थोड्यांना होतं गं. मला वाटलं, नाही व्हायचं." तुझ्या मिशीला चहाचा थेंब लागला होता. तो तू जिभेने टिपलास आणि पुढचं बोललास. "तू असं म्हण, की तुला गुण आला म्हणून तूच तिला तुझ्या गोळ्या दिल्यास. मैत्रीण आहे, मायेने दिल्यास. तुला कोण काय करणार? तुझं दुकान नाही, परवाना नाही. लोक म्हणतील, अडाणी बाई, चुकली." आणि मग तू माझा हात धरलास. माझा हात अगदी सोलल्यासारखा होईतो मी तो तुझ्या हातात राहू दिला, कारण मला काय होतंय ते मला कळत नव्हतं. तू गेल्यावर कळलं. मी न्हाणीघरात जाऊन ओकले.

मला तुझी किळस येते, बारक्या. हा शब्द लिहायला मला चार कागद फाडावे लागले, म्हणून तो आता तसाच राहू दे. माझ्या अंगावरचे पापुद्रे मी कधी निवडले नव्हते. रोज सकाळी चादरीवरून मूठभर मी झटकायची आणि मला स्वतःची शिसारी यायची, पण ती खोटी होती, आता कळतं. कातडी मरते, गळते, त्यात घाण काहीच नव्हती. घाण म्हणजे ती बाई तुझ्यासमोर तळवे उघडे करून उभी होती, तुला सगळं खरं सांगत होती, आणि तू मनातल्या मनात हिशेब मांडलास, नाही व्हायचं. ते पान छापून घेताना तुला काहीच कसं वाटलं नाही? आणि त्या गोळीचं तरी काय पाप? मी ती आजही घेते, हृदयासाठी. उद्या खरंच सिद्ध झालं, की तिने आमच्यासारख्यांना बरं वाटतं, तर या शहरात कुणी तिला हात लावेल का? लोक म्हणतील, त्या हिरव्या पानातली ना ती! जे लोक वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत बसून इमानेइतबारे शोधताहेत, त्यांच्या तोंडचं वाक्य तू अर्धं चोरलंस आणि "अजून माहीत नाही" एवढं कापून टाकलंस. कापायचं काम माझं, पण मीही गिऱ्हाइकाला कधी आखूड कापड दिलं नाही.

आणि हो, एक बातमी. माझ्या डाव्या कोपरावर पुन्हा चट्टा उठतोय. गोळी चुकलेली नाही, तरी उठतोय. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं, आपण बघू. मी त्याला रोज तेल लावते. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. मागच्या आठवड्यात मी अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून दुकानात गेले. एका गिऱ्हाइकाची नाकपुडी हलली आणि मी तिला सरळ सांगितलं, "सोरायसिस आहे, लागत नाही. कापड किती देऊ?" मालक बघत होते. त्यांनी मला अस्तरांकडे परत पाठवलं नाही.

केकवाली जगेल. डायलिसिस चालू आहे, मूत्रपिंडं हळूहळू जागी होताहेत असं डॉक्टर म्हणतात. दंडांत बळ कधी येईल, येईल की नाही, ते कुणी सांगत नाही. काल तिला चमचा धरून खायला जमलं. खाऊन झाल्यावर म्हणाली, "आता केकवर फुलं नको, नुसते ठिपके काढीन." मी हसले आणि तिचा चमचा धुऊन ठेवला. तू अजून तिच्याकडे गेलेला नाहीस.

आता हे पत्र का लिहिते आहे ते. काल तुझ्या दुकानाला सील लागलं, आणि तक्रार कुणी केली हे तू सगळीकडे विचारत फिरतो आहेस असं कळलं. फिरू नकोस, मी केली. सोमवारी मी औषध निरीक्षकांच्या कचेरीत जाऊन बाटली दिली, ते चित्र कुणाच्या कोपराचं आहे ते बाही वर करून दाखवलं, आणि रविवारी तू जे बोललास तेही सगळं सांगितलं. पण हे तुला सांगण्यासाठी मी लिहीत नाही, ते तुला कागदोपत्री कळलंच असतं. निरीक्षक म्हणाले, तू त्यांना सांगितलंस की अशी एकच बाटली विकली. वकिलाने शिकवलं असेल. बारक्या, मी चित्र काढायला सांगायला आले होते तेव्हा तुझ्या फळीवर त्या बाटल्यांची खोकी छतापर्यंत लागली होती. कुठे गेल्या त्या? तुझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे तुझ्या बायकोच्या हाती देते आहे आणि ती ते तुझ्यासमोर ठेवेल असं तिने मला कबूल केलंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या शेजारी बसली, आणि रडली. या शहरात आज जेवण झाल्यावर कितीतरी माणसं झाडपाला समजून ती गोळी पाण्याबरोबर गिळतील. कुणाच्या मांड्या दुखायला लागल्या असतील आणि तो म्हणत असेल, उभं राहून काम, म्हणून असेल. ती कोण आहेत हे निरीक्षकांना माहीत नाही, मला माहीत नाही, एकट्या तुला माहीत आहे. त्यांना शोध. एकेकाला फोन कर, ज्याचा नंबर नसेल त्याच्या दारात जा, नाव सांग गोळीचं, थांबवा म्हण, डॉक्टरकडे चला म्हण. तुरुंग, वकील, माझं तोंड बघायचं की नाही, हे सगळं नंतर. माझ्याशी भांडायला उभा जन्म पडलाय. हे वाचून झालं की बसू नकोस. ऊठ आणि पहिला फोन लाव.

किळस आली तरी तुझीच,
ताई